विज्ञानाच्या बातमीत कोडचाही उल्लेख हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वर्तमानपत्रात विज्ञानाच्या ज्या छोट्या छोट्या बातम्या येतात त्या मी न चुकता वाचतो, आणि बहुतेक वेळा वाचून झाल्यावर एकच प्रश्न उरतो की हे त्यांना कळलं कसं? काय शोध लागला ते असतं, कुठल्या विद्यापीठाने लावला ते असतं, एखादा फोटो पण असतो, पण कसं कळलं, किती खात्रीने कळलं आणि दुसऱ्या कुणी ते तपासून बघितलंय का, याबद्दल एक ओळ पण नसते. मी सॉफ्टवेअरच्या कामात आहे आणि भूगर्भशास्त्र, जीवशास्त्र हे वाचनाचे विषय आहेत, म्हणून मला एक गोष्ट फार जाणवते ती सांगायला हे पत्र लिहितोय. आता दगडांचा अभ्यास असो की पेशींचा, मधे कुठेतरी कोड असतोच. मोजमाप यंत्र करतं, पण त्या मोजमापाचा अर्थ लावायचं काम कुणीतरी लिहिलेला प्रोग्राम करतो. आणि बातमीत त्या प्रोग्रामचा उल्लेखच नसतो, जणू काही निष्कर्ष थेट दगडातूनच बाहेर आला. पत्र लांबणार आहे, पण उदाहरणं दिल्याशिवाय मुद्दा पटणार नाही.

ग्रीनलंडची गोष्ट घ्या. १६ सप्टेंबर २०२३ ला जगभरातल्या भूकंपमापकांवर एक विचित्र सिग्नल दिसायला लागला. भूकंप असता तर रेषा वेडीवाकडी वरखाली झाली असती आणि थोड्या वेळाने शांत झाली असती. ही रेषा मात्र एकाच लयीत, दर ९२ सेकंदांनी एक हेलकावा, अशी चालू राहिली आणि तब्बल ९ दिवस चालू राहिली, आर्क्टिकपासून अंटार्क्टिकापर्यंत सगळीकडे नोंद. सुरुवातीला तर त्याला नावच नव्हतं, 'अनोळखी भूकंपीय वस्तू' असं काहीतरी म्हणून शास्त्रज्ञ त्याच्यावर आपापसात चर्चा करत होते. शेवटी कळलं की पूर्व ग्रीनलंडच्या डिक्सन फ्योर्डमधे, म्हणजे दोन्ही बाजूंनी उभे कडे असलेल्या समुद्राच्या एका अरुंद फाट्यात, सव्वा किलोमीटरच्या आसपास उंचीचा डोंगरमाथा कोसळला होता. त्याला खालून आधार देणारी हिमनदी तापमानवाढीमुळे वर्षानुवर्षं पातळ होत गेली आणि एक दिवस तो भार पेलेनासा झाला. अडीच कोटी घनमीटर दगड आणि बर्फ पाण्यात आलं, २०० मीटर उंचीची लाट उठली, आणि मग बादलीतलं पाणी हिंदकळावं तसं त्या फ्योर्डमधलं पाणी या काठाकडून त्या काठाकडे दिवसरात्र हिंदकळत राहिलं. त्याचे धक्के जमिनीतून सगळ्या पृथ्वीभर गेले.

आता यात माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काय, तर हे घडताना कुणीही बघितलं नाही. तिथे त्या वेळी माणूसच नव्हता. १५ देशांतले ४० संस्थांमधले ६८ शास्त्रज्ञ कामाला लागले, उपग्रहाचे फोटो, डॅनिश नौदलाने काढलेले फोटो, फ्योर्डच्या तळाचे नकाशे हे सगळं जमवलं आणि मग कॉम्प्युटरवर ती दरड पुन्हा पाडून बघितली. त्या सिम्युलेशनमधलं पाणी जवळजवळ त्याच लयीत हलायला लागलं जी लय भूकंपमापकांवर दिसत होती, तेव्हा कुठे खात्री वाटायला लागली. सप्टेंबर २०२४ ला सायन्स जर्नलमधे पेपर आला. तरीही ते हिंदकळणारं पाणी प्रत्यक्ष कुणी मोजलेलं नव्हतंच, ते होतं फक्त मॉडेलमधे. मग २०२५ मधे ऑक्सफर्डच्या एका टीमने स्वॉट नावाच्या उपग्रहाची माहिती काढली. हा उपग्रह नासा आणि फ्रान्सच्या अवकाश संस्थेने डिसेंबर २०२२ मधे सोडलाय आणि तो पाण्याच्या पृष्ठभागाची उंची एका रेषेवर न मोजता रुंद पट्ट्यात मोजतो. त्या नोंदींमधे फ्योर्डचं पाणी खरंच एका बाजूला चढलेलं आणि दुसऱ्या बाजूला उतरलेलं सापडलं, थोड्या वेळाच्या अंतराने घेतलेल्या नोंदीत उलट. म्हणजे आधी कोडने सांगितलं, मग पूर्ण वेगळ्या मार्गाने ते तपासलं गेलं. मला हा दुसरा पेपर पहिल्यापेक्षाही मोठा वाटतो. पण बातमी मात्र सगळीकडे पहिल्याची मोठी झाली, '९ दिवस पृथ्वी हादरली' वगैरे, आणि दुसऱ्याची आली तर कोपऱ्यात आली.

उलटं उदाहरण पण आहे. जानेवारी २०२३ मधे नेचर जिओसायन्समधे एक पेपर आला होता, पृथ्वीच्या आतल्या घन गाभ्याबद्दल. त्यात असं होतं की वरच्या आवरणाच्या तुलनेत गाभ्याचं जे थोडंसं पुढे-मागे फिरणं असतं ते २००९ च्या सुमारास थांबल्यासारखं दिसतंय आणि आता दिशा उलटी होत असावी. 'तुलनेत' हा शब्द त्यातला जीव आहे, गाभा पृथ्वीबरोबर रोज फिरतोच आहे, फरक आहे तो अगदी बारीक. पण जगभरच्या मथळ्यांमधे तो शब्दच गळाला आणि लोकांनी वाचलं की पृथ्वीचा गाभा फिरायचा थांबला! काही लोक घाबरले, व्हॉट्सअ‍ॅपवर काय काय फिरलं. पुढे २०२४ मधे दुसऱ्या टीमने साउथ सँडविच बेटांजवळ पुन्हा पुन्हा एकाच जागी होणारे १२१ भूकंप घेतले, १९९१ ते २०२३ मधले, त्यांच्या लहरी गाभ्यातून जाऊन येताना एकमेकांशी किती जुळतात ते बघितलं आणि गाभा आधीपेक्षा मंद झाल्याचं त्यांनाही दिसलं. या दोन पेपरांमधे सगळ्या बाबतीत एकमत नाही, तो चक्राचा काळ किती वर्षांचा यावर अजून वाद आहे. आणि असाच वाद चालू असणं चांगलं, पण वाचकाला तो वाद दिसलाच नाही तर त्याला विज्ञान म्हणजे रोज काहीतरी नवीन आणि उद्या त्याच्या बरोब्बर उलट असंच वाटत राहणार.

भूकंपांचंच अजून एक थोडक्यात सांगतो. २०१९ मधे दक्षिण कॅलिफोर्नियातल्या २००८ ते २०१७ च्या जुन्या रेकॉर्डमधे कॉम्प्युटरने पुन्हा शोध घेतला, म्हणजे माहीत असलेल्या भूकंपाचा नमुना घ्यायचा आणि सगळ्या रेकॉर्डमधे तसा आकार कुठे दबलेला आहे का ते शोधायचं. आधी जवळपास १ लाख ८० हजार भूकंप माहीत होते, ते १८ लाखांच्या वर गेले. जमीन तीच, यंत्रं तीच, नोंदी त्याच, बदलला तो फक्त शोधायचा प्रोग्राम. साधारण तीन मिनिटाला एक भूकंप निघाला, अर्थात बहुतेक इतके बारीक की माणसाला जाणवणारच नाहीत. मग आता कुणी विचारलं की तिथे किती भूकंप होतात तर उत्तरात प्रोग्राम आलाच ना?

जीवशास्त्राकडे येतो. इथे मला आधी एक असं उदाहरण द्यायचंय ज्यात खरं काम हाताने आणि चिकाटीने झालं, कारण माझं म्हणणं असं अजिबात नाही की सगळं कोडच करतो. १९९८ मधे जोनाथन झेर नावाच्या समुद्रजीवशास्त्रज्ञाला पॅसिफिकच्या पाण्यात डीएनएचा एक छोटा तुकडा सापडला, हवेतला नायट्रोजन पकडणाऱ्या एका अनोळखी सूक्ष्मजीवाचा. तो जीव मात्र लॅबमधे काही वाढेना. तिकडे जपानमधे क्योको हागिनो या पुराजीवशास्त्रज्ञ, म्हणजे खरं तर जीवाश्मांवर काम करणाऱ्या, एका सागरी शैवालाला लॅबमधे वाढवायच्या मागे लागल्या होत्या. ब्रारुडोस्फेरा हे त्या शैवालाचं नाव, आणि त्याच्या पंचकोनी चुनखडी पापुद्र्यांचे जीवाश्म भूगर्भवाल्यांना चांगले ओळखीचे. दहा वर्षांहून जास्त काळ, ३०० हून जास्त वेळा समुद्रातून नमुने आणून शेवटी ते शैवाल वाढलं. आणि कळलं काय, तर झेर यांचा तो अनोळखी सूक्ष्मजीव याच शैवालाच्या आत राहतो, पेशीबरोबरच विभागतो, आणि स्वतःला लागणारी बरीच प्रोटीन्स यजमान पेशीकडून घेतो. एप्रिल २०२४ मधे सायन्समधे पेपर आला की हा आता वेगळा जीव राहिलेला नाही, पेशीचाच एक अवयव झालाय, त्याला नायट्रोप्लास्ट नाव दिलं. मायटोकॉन्ड्रिया आणि क्लोरोप्लास्ट असेच कधीतरी बाहेरून आत आले हे आपण शाळेत शिकलो, त्या यादीत इतक्या वर्षांनी भर पडली. एका जीवाश्मवाल्या बाईंच्या चिकाटीशिवाय हे झालंच नसतं, आणि बातमीत त्यांचं नाव बऱ्याच ठिकाणी नव्हतंच.

आता तिन्ही विषय एकाच पेपरमधे बघायचे असतील तर जुलै २०२४ चा ल्यूकावरचा पेपर बघा. ल्यूका म्हणजे आज पृथ्वीवर जेवढे जीव आहेत त्या सगळ्यांचा शेवटचा समान पूर्वज. ब्रिस्टॉल विद्यापीठाच्या नेतृत्वाखालच्या टीमने ७०० सूक्ष्मजीवांचे जीनोम, म्हणजे जीन्सचे पूर्ण संच, घेतले आणि हिशोब केला की तो साधारण ४.२ अब्ज वर्षांपूर्वी होता, नेमकं सांगायचं तर ४.०९ ते ४.३३ अब्जच्या मधे. पृथ्वीच साडेचार अब्ज वर्षांची, म्हणजे किती लवकर! इतक्या जुन्या काळातला सर्वमान्य जीवाश्म कुणाकडेही नाही. मग कळलं कसं? जीन्समधे बदल साचत जातात, दोन जीवांमधे किती बदल साचलेत त्यावरून ते कधी वेगळे झाले याचा अंदाज बांधता येतो. पण बदलांचा वेग सगळीकडे सारखा नसतो, म्हणून ते घड्याळ लावून घ्यायला ज्यांचं वय खडकांवरून माहीत आहे असे जीवाश्म आणि खडकांमधल्या रासायनिक खुणा लागतात. मग ते सगळं एकत्र करून, लाखो शक्यता चाळून, एक टप्पा काढायचं काम सॉफ्टवेअर करतं. भूगर्भशास्त्राने तारखा दिल्या, जीवशास्त्राने जीन्स दिले, आणि दोन्ही जोडणारं गणित प्रोग्राममधे. यातलं कुठलंही गृहीतक बदललं तर तो टप्पा सरकतो, पेपर लिहिणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं, त्यांनी पेपरमधे ते लिहिलेलं असतं. मथळ्यात मात्र '४.२ अब्ज वर्षं' एवढंच उरतं आणि तो खालचा-वरचा टप्पा निघून जातो.

अल्फाफोल्डबद्दल तर सगळ्यांनी वाचलंय. प्रोटीनची साखळी कशी घडी घालून कुठला आकार घेईल हे सांगणारी गूगल डीपमाइंड या कंपनीची एआय, २०२२ मधे त्यांनी २० कोटींहून जास्त प्रोटीन्सचे अंदाजे आकार सगळ्यांसाठी खुले केले, २०२४ चं केमिस्ट्रीचं नोबेल डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना मिळालं, आणि निम्मं डेव्हिड बेकर यांना नवीन प्रोटीन्स डिझाइन करण्याबद्दल. हे कौतुकाचंच आहे. पण ती एआय शिकली कशावर? प्रोटीन डेटा बँकेवर. १९७१ मधे फक्त ७ आकारांपासून ती सुरू झाली, आणि पुढची पन्नास वर्षं हजारो लोकांनी एकेक प्रोटीनचा स्फटिक वाढवून, एक्स-रे मारून, एकेक आकार काढून तिथे फुकट ठेवला. काही वेळा एका आकारासाठी एखाद्याची सगळी पीएचडी गेलीय. ही सगळी मेहनत उघडी ठेवली गेली म्हणून अल्फाफोल्ड झालं. आणि मग मे २०२४ मधे अल्फाफोल्ड ३ चा पेपर नेचरमधे आला तो कोड न देताच! वेबसाइटवर जाऊन दिवसाला मोजकेच अंदाज काढता येत होते. याच्यावर बऱ्याच शास्त्रज्ञांनी उघड पत्र लिहून नाराजी कळवली, की कोड नसेल तर आम्ही तपासायचं कसं, आणि जर्नलने आपलाच नियम बाजूला का ठेवला. शेवटी नोव्हेंबर २०२४ मधे संशोधनापुरता कोड खुला झाला. त्या सहा महिन्यांत दुसऱ्या टीम्सनी स्वतःची तशीच मॉडेल्स बांधायला घेतली होती. त्या पत्रावर सह्या करणाऱ्यांच्या बाजूने मी पूर्णपणे आहे. हजारो लोकांच्या उघड्या कामावर उभं राहून आपलं काम बंद ठेवायचं हे योग्य नाही, मग कंपनी कितीही मोठी असो आणि शोध कितीही भारी असो.

कोड उघडा का पाहिजे, तर त्यात चुका असतात म्हणून. आणि त्या चुका मोठ्या हुशार माणसांच्या कोडमधे पण असतात. मला या बाबतीत २०१९ मधली एक घटना फार शिकवून जाते, ती जरा जवळून सांगतो. हवाई विद्यापीठातली एक टीम सायनोबॅक्टेरियातून मिळालेल्या एका रसायनाचा आकार ओळखत होती. असं करताना त्या रेणूच्या वेगवेगळ्या शक्य आकारांसाठी कॉम्प्युटरवर आकडे काढतात, आणि प्रयोगात आलेल्या आकड्यांशी जुळवतात. त्यासाठी एक स्क्रिप्ट होती, म्हणजे पायथन या भाषेत लिहिलेला छोटा प्रोग्राम, २०१४ मधे एका नामांकित जर्नलमधे छापून आलेली, बरेच लोक वापरणारे. एका विद्यार्थ्याला दिसलं की तीच स्क्रिप्ट, तोच डेटा, पण कॉम्प्युटर बदलला की उत्तर बदलतंय. विंडोजवर १७३.२ येत होतं आणि लिनक्स या दुसऱ्या सिस्टिमवर १७२ पॉइंट काहीतरी. कारण काय होतं? स्क्रिप्ट फोल्डरमधल्या फाइल्सची यादी मागायची, एक यादी ऊर्जेच्या फाइल्सची आणि एक सिग्नलच्या फाइल्सची, आणि गृहीत धरायची की दोन्ही याद्या एकाच क्रमाने येतील. विंडोज ती यादी नावाप्रमाणे लावून देतं, बाकी सिस्टिम्स तशी हमी देत नाहीत. त्यामुळे एका आकाराची ऊर्जा दुसऱ्याच आकाराच्या सिग्नलला जोडली जायची. कुठेही एरर नाही, लाल अक्षर नाही, आकडा येतोय, तो बरोबर वाटतोय! दुरुस्ती काय, तर याद्या आधी क्रमाने लावून घ्यायच्या, बस. तोपर्यंत शंभराहून जास्त पेपर्समधे ती स्क्रिप्ट वापरली गेली होती, त्यातले सगळे चुकीचे असं अजिबात नाही, पण प्रत्येकाला जाऊन बघणं भाग पडलं. स्क्रिप्टच्या मूळ लेखकांनी ती चूक मोकळेपणाने मान्य केली आणि दुरुस्तीचं स्वागत केलं. कोड उघडा होता म्हणून विद्यार्थ्याला आत डोकावता आलं, बंद असता तर हे आजही तसंच चालू असतं.

त्याआधी एक्सेलचं प्रकरण झालंच होतं. 'मार्च-१' आणि 'सेप्ट-२' अशा नावांचे जीन्स होते, इंग्रजीत टाइप केले की एक्सेलला वाटायचं की ही तारीख आहे आणि ते १ मार्च, २ सप्टेंबर करून टाकायचं. २०१६ मधे तपासणी झाली तर ज्या पेपर्सना जीन्सच्या एक्सेल याद्या जोडल्या होत्या त्यातल्या साधारण पाचातल्या एकात असा गोंधळ सापडला. २०२१ मधे पुन्हा बघितलं तर प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत. म्हणजे सांगूनही फरक पडला नाही! इकडे जीन्सना नावं देणाऱ्या समितीने २०२० मधेच नावं बदलली होती, सेप्टचं सेप्टिन केलं, आणि एक्सेलमधे ही सवय बंद करायची सोय आली ती २०२३ मधे. माणसाच्या जीन्सची नावं एका ऑफिसच्या सॉफ्टवेअरपायी बदलावी लागली ही गोष्ट मला खूप गंभीर वाटते. अजून एक, २००६ मधे अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध लॅबला पाच पेपर मागे घ्यावे लागले कारण त्यांच्या लॅबमधे वापरात असलेल्या एका प्रोग्रामने आकड्यांचे दोन कॉलम अदलाबदल केले होते आणि प्रोटीनचा आकार आरशातल्यासारखा उलटा निघाला होता. दुसऱ्या टीमने तशाच प्रोटीनचा आकार काढल्यावर ते लक्षात आलं, तोपर्यंत पाच वर्षं बाकीचे लोक त्या चुकीच्या आकारावर डोकं फोडत होते, आणि ज्यांचे निकाल त्याच्याशी जुळत नव्हते त्यांनाच स्वतःच्या कामावर शंका घ्यावी लागत होती.

आता कुणी म्हणेल की या एकेकट्या घटना आहेत. म्हणून सॉफ्टवेअर इंजिनीअरिंगमधलं संशोधन वाचायला पाहिजे, त्याच्या बातम्या तर जवळपास येतच नाहीत, नवीन फोन आणि नवीन अ‍ॅप एवढंच येतं. जानेवारी २०२४ मधे एक अभ्यास छापून आला, वैद्यकीय आणि जीवशास्त्राच्या पेपर्सबरोबर दिलेल्या २७,२७१ ज्युपिटर नोटबुक्स म्हणजे कोडच्या वह्या घेतल्या आणि त्यातल्या १५,८१७ परत चालवून बघायचा प्रयत्न केला. लागणाऱ्या सगळ्या लायब्ररीज, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेले तयार कोडचे संच, नीट इन्स्टॉल झाल्या अशा निघाल्या १०,३८८. त्यातल्या शेवटपर्यंत एरर न येता चालल्या १,२०३. आणि मूळ नोटबुकमधल्यासारखंच उत्तर आलं ८७९ मधे. हे आकडे वाचून मी बराच वेळ सुन्न होतो. याचा अर्थ बाकीचे निष्कर्ष खोटे असा होत नाही, लायब्ररीचं व्हर्जन बदललं, फाइलचा पत्ता लिहिणाऱ्याच्याच कॉम्प्युटरचा राहून गेला, अशी कारणं जास्त असतात. पण तपासताच आलं नाही तर आपल्याला कळणार कसं?

आणि हे सगळं एआय कोड लिहायला लागायच्या आधीचं म्हणता येईल. आता लॅबमधे पण कोड एआयकडून लिहून घेतात, कारण जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रोग्रामिंग शिकवलेलं नसतं आणि काम तर अडलेलं असतं, त्याला दोष देता येत नाही. पण यावरचं संशोधन काय सांगतं ते बघा. एका प्रयोगात ९५ डेव्हलपर्सना जावास्क्रिप्टमधे एक छोटा सर्व्हर लिहायला दिला, एआयची मदत मिळालेल्यांचं काम जवळपास ५६ टक्के लवकर झालं. हे खूप छापून आलं. २०२५ मधे मेटर नावाच्या संस्थेने वेगळा प्रयोग केला, १६ अनुभवी डेव्हलपर, त्यांचे स्वतःचे अनेक वर्षांचे ओपन सोर्स म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेले प्रोजेक्ट, २४६ खरी कामं, प्रत्येक कामाला एआय वापरायची की नाही हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. त्यांना आधी विचारलं तर म्हणाले २४ टक्के वेळ वाचेल. काम झाल्यावर विचारलं तर म्हणाले २० टक्के वाचला. प्रत्यक्षात मोजलेला वेळ १९ टक्के जास्त लागला होता! लेखकांनी स्वतःच स्पष्ट लिहिलंय की हे सगळ्यांना लागू करू नका, माणसं थोडी आहेत, प्रोजेक्ट मोठे आणि जुने आहेत, टूल्स बदलतायत. माझ्यासाठी यातली खरी गोष्ट वेगळीच आहे, की इतकी अनुभवी माणसं स्वतःच्याच कामाचा वेळ ओळखण्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास चुकली. म्हणून 'मला तर फायदा वाटतो' एवढ्यावर भागत नाही, मोजावंच लागतं.

दुसरा अभ्यास असा, की १६ एआय मॉडेल्सकडून ५ लाख ७६ हजार कोडचे नमुने लिहून घेतले आणि त्यात सुचवलेली पॅकेजेस, म्हणजे इंटरनेटवरून घेऊन वापरायचे तयार कोड, खरी आहेत का ते तपासलं. जवळपास पाचातलं एक नाव अस्तित्वातच नव्हतं. त्यात धोका असा की एकच खोटं नाव मॉडेल परत परत सुचवतं, मग कुणी वाईट हेतूने त्याच नावाचं पॅकेज बनवून ठेवलं की कोड चालवणारा ते इन्स्टॉल करून मोकळा. भूकंपाचा किंवा जीन्सचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याच्या कॉम्प्युटरवर हे घडलं तर तो ते कसं ओळखणार?

म्हणून संपादक महोदय, माझी विनंती अशी आहे. विज्ञानाची बातमी छापताना एक-दोन वाक्यं वाढवा. मोजलं कशाने आणि अर्थ लावला कशाने, म्हणजे हे प्रत्यक्ष बघितलेलं आहे की मॉडेलमधून आलंय. आकडा दिला असेल तर त्याचा खालचा-वरचा टप्पा. कोड आणि डेटा उघडा आहे की नाही, आणि दुसऱ्या कुणी तपासलंय का, नसेल तपासलं तर तसं सरळ लिहा, वाचक समजून घेतो. हे शोधायला तासन्‌तास लागत नाहीत, बहुतेक जर्नल्समधे पेपरच्या शेवटी कोड आणि डेटा कुठे मिळेल याचा वेगळा परिच्छेदच असतो, वार्ताहराने तेवढा वाचला तरी काम होतं. आणि आधी छापलेल्या बातमीवर पुढे दुरुस्ती आली किंवा पेपर मागे घेतला गेला तर ते पण पहिल्या बातमीएवढ्याच जागेत छापा, आतल्या पानावर चार ओळीत नको.

दुसरी विनंती, ज्या लोकांनी हा कोड लिहिलाय आणि वर्षानुवर्षं सांभाळलाय त्यांच्याबद्दल कधीतरी लिहा. इंग्लंडमधे २०१२ च्या सुमारास अशा लोकांसाठी 'रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनीअर' असं पद असावं ही चळवळ सुरू झाली, कारण तोपर्यंत विद्यापीठात यांना जागाच नव्हती, पेपर लिहिला तर प्रमोशन आणि कोड सांभाळला तर काही नाही. अजूनही बऱ्याच ठिकाणी हेच आहे. एखादी लायब्ररी हजारो पेपर्समधे वापरली जाते आणि ती दोन-तीन लोक रात्री जागून दुरुस्त करत असतात, ग्रँटमधे नवीन प्रोजेक्टला पैसे असतात, जुन्याच्या देखभालीला नसतात. त्यांनी काम सोडलं की वर सांगितलेल्या त्या नोटबुक्सच्या आकड्यांत अजून भर पडते. दुर्बिणीला, भूकंपमापकाला, मायक्रोस्कोपला देखभालीचा खर्च असतो हे सगळ्यांना मान्य आहे, कोडला पण तो असतो हे पैसे देणाऱ्यांपर्यंत वर्तमानपत्रातूनच पोचू शकतं.

हागिनो बाईंच्या त्या नमुन्यांबद्दल, हवाईच्या त्या विद्यार्थ्याबद्दल, ग्रीनलंडच्या त्या दुसऱ्या पेपरबद्दल अर्धं पान लिहिलंत तर मी आणि माझ्यासारखे बरेच वाचक ते कापून ठेवू. तांत्रिक बाबतीत काही तपासून हवं असेल तर मी वेळ द्यायला तयार आहे.

आपला,
एक नियमित वाचक